संगीत महालाचा जिना

तंजावूरच्या राजवाड्यात शिरलेला मराठी माणूस आधी सरस्वती महाल ग्रंथालयाची वाट विचारतो. मोडीतली दफ्तरं, ताडपत्रं, सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा एवढं डोळे भरून पाहिलं की भोसल्यांचं तंजावूर पाहिल्यासारखं वाटतं. मग निघायची घाई होते आणि त्याच आवारातला संगीत महाल राहून जातो. गाण्याची आणि नाटकाची आवड असलेल्याने मात्र तो चुकवू नये.

हा महाल भोसल्यांच्याही आधीचा, नायक राजांच्या काळातला, १६०० च्या सुमाराचा. त्या घराण्यातला रघुनाथ नायक स्वतः कवी आणि वीणावादक होता. चोवीस पडद्यांच्या तंजावूर वीणेचं श्रेय परंपरा त्यालाच देते. पुढे याच दरबारात वेंकटमखीने ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ हा संगीतावरचा ग्रंथ लिहून बहात्तर मेळांची, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसंचांची, मांडणी केली. असे कान असलेल्या माणसांच्या काळात उभं राहिलेलं हे दालन त्याच्या ध्वनियोजनेसाठी आजही वाखाणलं जातं. ध्वनिक्षेपकाचं नावही नव्हतं, तेव्हा लांब बसलेल्यालाही स्वर नीट ऐकू यावा याचा हिशेब इथे भिंतींनी आणि छताने सांभाळला.

पण महाल पहिल्या मजल्यावर आहे. गुडघे धरलेल्या आजीबाईंना, कुबड्या घेऊन आलेल्या तरुणाला, चाकाच्या खुर्चीवरच्या रसिकाला त्या ध्वनियोजनेचा लाभ जिना ओलांडल्यावरच मिळणार. आवाजासाठी जेवढा विचार झाला, तेवढा पायांसाठी झाला नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना त्याचा दोष देता येत नाही. आजच्या व्यवस्थेला मात्र उत्तर द्यावं लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी त्याने पाच वर्षांची मुदत घातली होती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की, सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत.

‘जुनी वास्तू आहे, काय करणार?’ हे उत्तर तंजावूरला तरी शोभत नाही, कारण रंगभूमी लोकांपर्यंत नेण्याच्या युक्त्या या शहराने फार पूर्वी शोधल्या आहेत.

विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ साली. त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे तंजावूरच्या गादीवर होते (१६८४ ते १७१२) आणि मराठी नाटकं लिहीत होते. त्यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ मराठीतल्या अगदी आरंभीच्या नाटकांत गणलं जातं. त्यांच्याच ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. राज्यकर्ते मराठी, प्रजा तमिळ, दरबारी गाण्याची भाषा तेलुगू, अशा गावात ही नुसती हौस नव्हती. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या कानी ओळखीचं काही पडावं, याची ती सोय होती.

दुसरी युक्ती त्याहून मोलाची आहे. या परंपरेतल्या नाटकांत ‘दरू’ नावाची पदं असतात. पात्र रंगमंचावर येताना प्रवेशाचा दरू म्हटला जातो. कोण येतंय, त्याचं रूप कसं, अंगावर काय ल्यालंय, चाल कशी, हे सारं गाण्यातून कळतं. मशालीच्या उजेडात मागे बसलेल्यांना त्याचा उपयोग होत असणार. पण हाच दरू दृष्टिहीन प्रेक्षकाच्या कानांनी ऐकून पाहावा. आज परदेशातली नाट्यगृहं अशा प्रेक्षकांच्या कानाला यंत्र लावून रंगमंचावरच्या हालचालींचं वर्णन ऐकवतात. दरूमध्ये ते वर्णन नाटकाच्या पोटातच आहे, आणि तेही रागतालात.

दृष्टिहीनांचा विषय निघाल्यावर सरफोजीराजे आठवतातच. १७९८ ते १८३२ या कारकिर्दीत या राजाने नेत्ररुग्णांवर उपचार करवले, त्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून घेतली आणि प्रत्येकाच्या आजाराची नोंद ठेवली. ती कागदपत्रं सरस्वती महालात जपलेली आहेत. ज्या आवारात अशा नोंदी आहेत, तिथे ब्रेलमधली माहिती, हातांनी चाचपून पाहता येईल अशी महालाची लाकडी प्रतिकृती असणं अगदी साजेसं ठरेल.

आणि दारं उघडण्याचा दाखलाही इथलाच. बृहदीश्वर मंदिरातला अकराव्या शतकातला एक शिलालेख सांगतो की, ‘राजराजेश्वर नाटक’ करणाऱ्या नटाला दरसाल १२० कलम (कलम हे धान्याचं माप) भात नेमून दिलं होतं. म्हणजे देवळाचं आवार हेच शहराचं पहिलं नाट्यगृह. पण तिथे अस्पृश्य मानलेल्यांना शतकानुशतकं मज्जाव होता. १९३९ साली भोसले घराण्यातल्या राजाने आपल्या विश्वस्ततेखालची ९० देवळं, त्यात हे मोठं देऊळही, हरिजनांना खुली केली. गांधीजींनी त्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. त्यासाठी एक दगडही हलवावा लागला नाही. मनाची तयारी तेवढी लागली.

जिन्यासाठी तयारीबरोबर थोडं सुतारकामही लागेल. ग्रीसमधल्या एपिडॉरसचं नाट्यगृह ध्वनियोजनेसाठी जगभर नावाजलेलं आहे. तिथल्याच आरोग्यदेवतेच्या स्थानात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले दगडी उतार सापडतात. डेबी स्नीड या पुरातत्त्वज्ञ बाईंनी २०२० मध्ये असं मांडलं की, हे उतार चालू न शकणाऱ्या रुग्णांसाठी केले असावेत. एवढ्या जुन्या काळात हे सुचलं असेल, तर आज मूळ बांधकामाला खिळाही न मारता उंबऱ्यांवर बसवता-काढता येणारे लाकडी उतार करणं अवघड नाही.

जिथे उतार पुरणार नाही, तिथे कार्यक्रमच खाली आणावा. तंजावूरपासून जवळच्या मेलट्टूर गावात नरसिंह जयंतीला भागवत मेळा होतो. वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर, रस्त्यावरच मांडव घालून रात्री नाटकं चालतात. तिथे रंगमंचासमोर जाऊन बसायला जिना चढावा लागत नाही. राजवाड्याच्या चौकांतही तशी मोकळी जागा आहे. तिथे शहाजीराजांची मराठी नाटकं दरूंसह उभी राहावीत. एका बाजूला खुणांच्या भाषेतला दुभाषी असावा, पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्च्यांना जागा राखलेली असावी. निमंत्रणावर तारीख-वेळेच्या खालीच पायऱ्या किती, उतार कुठे, मदतीला कोण, हे तमिळ आणि मराठी दोन्ही भाषांत छापलेलं असावं. म्हणजे घरून निघतानाच माणसाला ठरवता येईल की, आजच्या नाटकाला आपण जाऊ शकतो.