ब्रेकचं तेल आणि फवारणीचा पंप

आजची नोंद पिकाची नाही, सायकलीची आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण ती कपाशीपर्यंत जातेच.

आमचा आखाडा झरी गावापासून तीन किलोमीटर. पोरगी नववीला आहे, शाळेला रोज सायकलवर जाते. आधी काळ्या मातीची पांदण, मग मुरमाचा उतार, आणि उतार संपला की थेट परभणी-जिंतूर रस्ता. त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, टिप्पर, एसटी, सगळंच पळतंय. उतारावर ब्रेक लागला नाही तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

जाड टायरची गिअरची सायकल घेतली तेव्हा 'डिस्क ब्रेक आहे' म्हणून घेतली. डिस्क होती खरी, पण ओढायला तार होती. लिव्हर दाबली की तार ताणते, तार एका बाजूचा पॅड ढकलते, तो पॅड डिस्कला जराशी वाकवून पलीकडच्या पॅडवर टेकवतो. कोरड्यात चांगलं चालतं. पण पावसाळ्यात आपली काळी माती तारेच्या नळीत शिरली की गंज धरतो. मग हाताचा बराचसा जोर तार आणि नळीच्या घासण्यातच जातो, चाकापर्यंत पोचतच नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात तेच झालं. पोरीनं उतारावर दोन्ही लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबल्या, सायकल थांबेना. तिनं हँडल वळवून सायकल सरळ बाभळीच्या काट्यात घातली. घरी आल्यावर मला काही बोलली नाही. रात्री आईकडून काटे काढून घेताना बोलली, तेव्हा मला कळलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. त्यानं हायड्रॉलिक ब्रेकची जोडी आणली, साडेचार हजाराच्या आत बसली. दिवाळीला येऊन त्यानंच बसवून दिली. डिस्क जुनीच ठेवली, 160 मिलिमीटरची. तिची जाडी आधी मोजली. नवी डिस्क साधारण 1.8 मिलिमीटर असते आणि 1.5 वर आली की बदलायची. आमची चांगली होती.

यात तार नाही, नळीत तेल आहे. लिव्हरमधला बारीक पिस्टन तेल ढकलतो, तेल चाकाजवळचे दोन मोठे पिस्टन ढकलतं आणि दोन्ही पॅड दोन्हीकडून डिस्क धरतात. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडं सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट नांगर उचलते ती याच नियमावर. एका बोटानं सायकल जागेवर उभी राहायला लागली. पोरगी खूश, मीही निवांत झालो.

इथून पुढची चूक माझी.

जानेवारीत सायकल पंक्चर झाली. नेहमीसारखी उलटी करून सीट-हँडलवर उभी केली आणि काम करता करता पुढची लिव्हर चार-दोन वेळा दाबली. सरळ केल्यावर लिव्हर मऊ लागली. खरं कारण एवढंच, की लिव्हरच्या टाकीत थोडी हवा होती आणि सायकल उलटी केल्यावर ती नळीत गेली. सायकल सरळ उभी ठेवून लिव्हर हळूहळू दाबली असती, नाहीतर रात्रभर दाबून बांधून ठेवली असती, तर हवा परत वर आली असती. मला वाटलं तेल कमी झालं. गॅरेजवरून मोटारसायकलच्या ब्रेकचं डॉट 4 तेल आणलं, वरचा स्क्रू खोलला आणि सिरिंजनं घातलं. लिव्हर कडक झाली. मी म्हणलं, जमलं.

आठ-दहा दिवस काही नाही. मग लिव्हर उशिरा परत यायला लागली, पॅड डिस्कला घासायला लागला. मी म्हणलं, मातीनं होत असेल. एका सकाळी पोरगी दप्तर पाठीला लावून अंगणातच लिव्हर दाबत उभी होती. काट्यात गेल्यापासून रोज निघायच्या आधी ती हे करते. म्हणली, "पप्पा, ब्रेक गळतोय." जाऊन बघितलं, तर लिव्हर मुठीला टेकलेली आणि तिच्या बोटांना तेल. त्या दिवशी अंगणात दाबून बघितलं नसतं, तर ती लिव्हर उतारावर दाबली गेली असती.

भाच्याला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, त्यात कोणतं तेल घातलं?"

या ब्रेकला मिनरल ऑईल लागतं. डॉट तेल वेगळंच, ते ग्लायकॉल जातीचं. मिनरल ऑईलसाठी बनवलेली रबरी सीलं डॉटमध्ये फुगतात, मऊ पडतात, अडकतात आणि मग गळतात. उलटंही तेवढंच खरं आहे. मोटारसायकलच्या किंवा जीपच्या डॉटच्या ब्रेकमध्ये इंजिन ऑईल, मिनरल ऑईल गेलं तर तिथली रबरं फुगतात. दिसायला दोन्ही तेलंच. आणि लिव्हरवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. सीलं सुटी मिळत नाहीत, म्हणून पुढचा अख्खा संच नवा घ्यावा लागला.

आता कपाशीचं सांगतो. दोन वर्षांमागं धाकट्या भावानं ज्वारीत टू-फोर-डी मारलं. पंप तीनदा पाण्यानं धुतला आणि त्याच पंपानं दीड एकर कपाशीवर किडीचं औषध फवारलं. कपाशीला टू-फोर-डीचा वाससुद्धा सोसत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. आठवडाभरात पानं भेंडीच्या पानासारखी झाली, पाते गळाले. झाडं मेली नाहीत, पण त्या दीड एकरात वेचणीला काही राहिलं नाही. मी भावाला चार माणसांत म्हणलो होतो, "बाटली वाचता येत नाही का तुला?" तेव्हापासून त्यानं पंपाला हात लावला नाही आणि माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

संच आला त्या दिवशी भावाला बोलावलं. सगळं सांगितलं आणि म्हणलं, मलाही बाटली वाचता आली नाही. तुझं पीक गेलं, माझी पोरगी जाता जाता राहिली. तो काही बोलला नाही. पाने घेऊन बसला, दोघांनी मिळून संच बसवला. जाताना कोठ्यातून लाल रंगाचा डबा काढला आणि तणनाशकाच्या पंपावर जाड पट्टा ओढला. मग तेलाच्या बाटल्या एकेक करून विचारत गेला, "दादा, ही कशाची?" आणि मी सांगेन तसं नाव लिहीत गेला.

पोरीनं एक प्रश्न विचारला, तो तुमच्या कामाचा आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक तर तेलात बुडालेले असतात, मग सायकलच्या डिस्कला तेल लागलं की का घसरतं? उत्तर असं: ऑईल ब्रेकच्या प्लेटांचं अस्तर तेलात चालण्यासाठीच बनवलेलं असतं, प्लेटा अनेक असतात, दाब जास्त असतो आणि तेल त्यांना थंडही ठेवतं. सायकलचा पॅड कोरड्यासाठी असतो, तो तेल पिऊन घेतो. जुन्या ट्रॅक्टरच्या ड्राय ब्रेकमध्ये सील गळून तेल गेलं की तो घसरतो, त्याचं कारणही हेच.

कामाच्या गोष्टी थोडक्यात:

1. ब्रेक कोणताही असो, तेल घालण्याआधी झाकणावर, लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. अंदाजानं घालू नका.
2. हायड्रॉलिक ब्रेकची सायकल उलटी केली तर लिव्हर दाबू नका. सरळ केल्यावर दाबून बघूनच निघा. चाक काढलेलं असताना तर लिव्हरला हातच लावू नका, पिस्टन बाहेर येतात.
3. चेनला तेल देताना डिस्कवर फडकं टाका. पॅडनं तेल पिलं तर पॅड बदला, डिस्क स्पिरिटनं पुसा.
4. पॅडचं अस्तर अर्धा मिलिमीटर उरलं की बदला. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या जागेत वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक लावा, मगच रस्त्यावर न्या.
5. ट्रॅक्टर रस्त्यावर नेताना ब्रेकचे दोन्ही पेडल पट्टीनं जोडा. एकच पेडल दाबलं गेलं आणि मागं भरलेली ट्रॉली असली, तर ट्रॅक्टर आडवा होतो.
6. तणनाशकाचा पंप वेगळा म्हणजे वेगळाच. नोझल, पाईप, बादलीसुद्धा वेगळी.

पोरगी आजही निघायच्या आधी अंगणात दोन्ही लिव्हर दाबते. आता मीही ट्रॅक्टर चालू केला की गेटातून निघायच्या आधी पेडल दाबून बघतो. दोन सेकंद लागतात.