इंजेक्शनच्या आधी

सातारा

प्रिय मेधा,

तुझा फोन झाल्यापासून सुहासरावांचा रिपोर्ट डोक्यातून जात नाहीये. टेस्टोस्टेरॉन २३८ आलं आणि लगेच इंजेक्शन सुरू करायला सांगितलं, हे मला मुळीच पटलेलं नाही. फोनवर तुझी धावपळ चालली होती, म्हणून आता सविस्तर लिहिते.

रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन मोकळं नसतंच. यकृत सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन नावाचं एक प्रथिन बनवतं. आम्ही लॅबवाले त्याला एसएचबीजी म्हणतो. ते या हॉर्मोनला घट्ट धरून ठेवतं. अल्ब्युमिनही धरतं, पण सैल. अगदी मोकळं उरतं ते साधारण दोन टक्के, आणि 'टोटल'चा आकडा हे सगळं एकत्र मोजतो. एसएचबीजी कमी असलं की टोटल कमी दिसतं, पण मोकळं पुरेसं असू शकतं.

आता सुहासरावांकडे बघ. पोट सुटलंय, मधुमेह आहे. एसएचबीजी कमी करणारी हीच तर नेहमीची कारणं! थायरॉइड कमी असेल तरी तसंच होतं, तेही बघून घ्या. उलट वाढतं वय, लिव्हर सिरोसिस, जास्तीचं थायरॉइड, फिट्सवरची काही औषधं यांनी एसएचबीजी चढतं; मग टोटल छान दिसतं आणि मोकळं कमी असतं. मला हा दुसरा प्रकार जास्त फसवा वाटतो, कारण असा रिपोर्ट बघून कुणी पुढे काही विचारतच नाही.

आणि रक्त घेतलं कधी, तर जेवण झाल्यावर, दुपारी चारला! हे हॉर्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, खाल्ल्यावर उतरतं. सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं, असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तिथे दिलेली २६४ ची खालची मर्यादासुद्धा तरुण, लठ्ठ नसलेल्या पुरुषांवरून काढलेली आहे.

'फ्री टेस्टोस्टेरॉन'ची स्वस्त, थेट किटवरची तपासणी मात्र करू नका, ती भरवशाची नाही. इक्विलिब्रियम डायलिसिस उत्तम, पण महाग. ते जमलं नाही तर टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मोजून हिशेबाने काढता येतं. बेल्जियमच्या व्हर्म्यूलेन यांचं १९९९ मधलं सूत्र त्यासाठी आजही वापरतात.

ईशाचंही याच्याशीच जुळतं. पाळी अनियमित, हनुवटीवर केस, आणि टोटल नॉर्मल म्हणून तिला परत पाठवलं. पीसीओडीमध्ये इन्सुलिन वाढलेलं असलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. तिच्या तक्रारी खऱ्या आहेत, तिला तसं सांग. ती पाळीच्या गोळ्या घेत असेल तर एसएचबीजी वाढलेलं येईल, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. केसांसाठी बायोटिन घेत असेल तर तेही. काही यंत्रांवर त्याने आकडे चुकतात.

इंजेक्शन सुरू झालं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं, शुक्राणूही घटतात. वजन उतरवलं तर एसएचबीजी आणि टोटल दोन्ही वर येतात. तेव्हा आधी सकाळचे दोन रिपोर्ट करा, सोबत एसएचबीजी आणि अल्ब्युमिन, आणि मला पाठव. तोवर सुहासरावांना ते इंजेक्शन घेऊ देऊ नकोस.

तुझी,
नंदा