पाच सेकंदांचे उदाहरण

अकरावीचे एक वर्ष विज्ञान शाखेत गटांगळ्या खाऊन मी कला शाखेच्या काठाला लागलो, ही गोष्ट वर्गातल्या मित्रांना मी आजवर सांगितलेली नाही. भौतिकशास्त्राचे उदाहरण दिसले की मला अजूनही तहान लागते. पण धाकट्या बहिणीला हे कोण सांगणार? तिच्या लेखी दादा म्हणजे कॉलेजात जाणारा, सर्व जाणणारा माणूस.

दिवाळीच्या सुटीत ती वही घेऊन आली. भूकंपाच्या प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर, दुय्यम लहरींचा ३.५. केंद्रावर दुय्यम लहरी ५ सेकंद उशिरा पोचल्या, तर भूकंप किती अंतरावर झाला?

मी रुबाबात वेगांची वजाबाकी केली, अडीच आले. त्याला पाचाने गुणले. "साडेबारा किलोमीटर!"

"पुस्तकात बेचाळीस दिलंय, दादा."

पुस्तक चुकले असेल, असे म्हणण्याचा मोह मी महत्प्रयासाने आवरला. मग एस.टी.ची आठवण झाली. लातूरच्या स्टँडवरून दोन गाड्या एकाच वेळी, एकाच रस्त्याने सुटल्या. एक जलद, एक रखडत जाणारी. शेवटच्या गावी त्या पाच मिनिटांच्या अंतराने पोचल्या, तर दोघींचे अंतर तेच, फरक वेळेचा. म्हणजे वजाबाकी वेगांची नाही, वेळांची करायची! अंतर भागिले साडेतीन, वजा अंतर भागिले सहा, बरोबर पाच. बेचाळीस घालून पाहिले. बारा वजा सात. पाच! अकरावीत जे वर्षभर जमले नाही ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जमले. (खडक असे पुस्तकातल्यासारखे एकाच वेगाने वागत नाहीत, शिवाय भूकंप होतो जमिनीच्या पोटात, हे भूगोलाच्या तासाला ऐकले होते, पण तेवढ्यात आनंदाला गालबोट कशाला?)

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"पहिल्यांदा खिडकीच्या काचा वाजल्या. मला वाटलं, रस्त्यानं ट्रक चाललाय. मग जरा वेळानं खाट हलली."

आम्ही दोघे गप्प. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जनाची रात्र, दमूनभागून माणसे झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची धाब्याची छपरे. सुमारे आठ हजार माणसे गेली. हे सगळे आम्ही शाळेत वाचलेले. बाबा तेव्हा लातुरात खोली करून शिकत होते. आजी-आजोबा आणि आत्या किल्लारीजवळच्या गावी. आत्याचा फोटो भिंतीवर आहे. त्या रात्रीबद्दल बाबा कधी बोलले नव्हते.

"काचा आणि खाट यांच्यामध्ये किती वेळ गेला, बाबा?" बहिणीने विचारले. मला तिचा राग आला.

"मोजला नाही गं. चार-पाच अंक म्हणता येतील एवढा." मग म्हणाले, "आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. मला वाटलं, जे झालं ते लातुरातच झालं. गाव आठवलंसुद्धा नाही. उजाडल्यावर कुणीतरी किल्लारीचं नाव घेतलं."

बहिणीने जिल्ह्याचा नकाशा काढला. प्रमाण पाहून कंपासमध्ये बेचाळीस किलोमीटर घेतले, लातूरवर टोक ठेवून वर्तुळ काढले. एका केंद्रावरून अंतर कळते, दिशा कळत नाही. भूकंप त्या परिघावर कुठेही असेल. उत्तरेला, पूर्वेला, कुठेही. बाबांनी दक्षिणेकडे बोट ठेवले. किल्लारी रेघेच्या किंचित आत होती.

"आणि दिशा कशी काढतात?"

"तीन केंद्रं लागतात. तीन वर्तुळं जिथं एकमेकांना छेदतील तिथं," ती म्हणाली. "पुढचं उदाहरण तेच आहे."

"मग कर की," बाबा म्हणाले, आणि ते सुटेपर्यंत आमच्याजवळ उंबऱ्यावर बसून राहिले.