वर्तुळाचा हरवलेला कोपरा

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोकणी, शाळेत मराठी, आणि गणिताशी संबंध वाण्याच्या यादीपुरता. गतवर्षी आमची एक माजी विद्यार्थिनी अकरावीचे इंग्रजी गणिताचे पुस्तक घेऊन ओटीवर आली, तेव्हा आमची काय अवस्था झाली असेल याची वाचकांनी कल्पनाच करावी! विज्ञान सोडून कलाशाखेत येण्याचा अर्ज तिने लिहूनच आणला होता. “सर, म्हाका हें कळना,” एवढेच ती म्हणाली. बुद्धी खुंटली की कलाशाखा, ही समजूत आम्हांस फार लागली. अर्ज बाजूस सारून आम्ही पुस्तक उघडले.

समीकरण होते: क्ष² + य² − ६क्ष + ८य − ११ = ०. या वर्तुळाचे केंद्र व त्रिज्या काढावयाची होती. क्ष आणि य यांच्या गुणकांची निमपट करून चिन्ह बदलावे, हा नियम तिला पाठ होता. “पण चिन्ह का बदलायचे, सर?” आम्ही निरुत्तर झालो आणि एका दिवसाची मुदत मागून घेतली.

रात्री पुस्तके चाळताना नवव्या शतकातील बगदादचा गणिती अल्-ख्वारिज्मी भेटला. तो अपुरा वर्ग खरोखरीचा चौरस काढून पुरा करीत असे. दुसऱ्या दिवशी आम्ही ओटीवर खडूने य बाजूचा चौरस काढला. ८य चे चार-चार रुंदीचे दोन पट्टे केले आणि ते लगतच्या दोन बाजूंना जोडले. कोपऱ्यात चार बाय चारची जागा उघडी राहिली.

“सोळा!” ती ओरडली.

क्षसाठी तसेच नऊ. अकरा उजवीकडे नेले, दोन्हीकडे पंचवीस मिळविले, आणि (क्ष − ३)² + (य + ४)² = ३६ असे रूप झाले. डावी बाजू म्हणजे, पायथागोरसच्या प्रमेयानुसार, (३, −४) या बिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग. ते अंतर सदैव सहा, तीच त्रिज्या. य + ४ शून्य व्हावयास य उणे चारच हवा. चिन्ह कोणी मुद्दाम बदलीत नाही.

आम्ही अंमळ फुगलो. तिने मात्र −११ खोडून +३० लिहिले आणि वही आमच्यापुढे सरकविली. उजवीकडे उणे पाच उरले. आम्ही बेरीज तीनदा तपासली.

“सर, हें वर्तुळच न्हय,” ती हसून म्हणाली. अंतराचा वर्ग उणा कसा असेल?

जाताना ती अर्ज ओटीवरच विसरली. त्याच्या कोऱ्या पाठीवर आम्ही ते उणे पाच पुन्हा एकदा करून पाहिले.