चिलमीवरची तुळस

गेल्या भाद्रपदात टोरांटोहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "आत्या, एका झाडाचा सल्ला हवाय," म्हणाला आणि फोन घेऊन तळघरात उतरला. तिथे लखलखीत दिव्याखाली, एका काळ्या कापडी कुंडीत कमरेएवढं झाड उभं होतं. पान हाताच्या पंजासारखं, कडा करवतीसारख्या. मला वाटलं, अंबाडी. पोराला तिकडे भाजीची आठवण झाली असेल, कुठून तरी बी मिळवलं असेल, असं मनाशी धरून मी सांगत सुटले. "नुसतं उंच पळतंय ते, कारण शेंडा माजलाय. चार-पाच जोड्या पानं ठेव आणि त्यांच्या वरचा शेंडा खूड. पेराच्या जरा वर, तिरका. मग दोन्ही बगलांतून फुटवे येतील. खालच्या ज्या फांद्यांना उजेडच मिळत नाही, त्या काढून टाक, नुसत्या खातात. पण एका दिवशी सगळं कापू नकोस, तिसऱ्या हिश्श्याच्या वर कात्री चालवायची नाही. आणि खुडल्यावर दोन-चार दिवस त्याच्या वाटेला जाऊ नकोस."

भाचा सगळं लिहून घेत होता. शेवटी हसू दाबत म्हणाला, "आत्या, ही अंबाडी नाहीये."

अंबाडीच्या शास्त्रीय नावातच 'कॅनाबिनस' आहे, म्हणजे गांजासारख्या पानाची. तेव्हा चूक माझ्या एकटीची नाही, शास्त्रज्ञांनाही तेच आठवलं होतं. पण एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईनं गांजाच्या झाडाचा शेंडा कुठे खुडावा हे सांगावं! भाच्यानं समजावलं की कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून ते कायदेशीर आहे, एका घरात चार झाडं लावता येतात, आणि पाठीच्या दुखण्यानं रात्र-रात्र जागणाऱ्या भाचेसुनेला ते हवं आहे. बरं म्हटलं. इकडे मात्र असलं खूळ डोक्यात घेऊ नकोस, 1985 च्या कायद्यानं एका झाडालाही दहा वर्षांपर्यंतची सक्तमजुरी होऊ शकते, हेही बजावलं.

फोन ठेवल्यावर वेगळ्याच गोष्टीनं चैन पडेना. मी जे घडाघडा बोलले त्यातला एक शब्दही माझा नव्हता. सगळं आबांचं होतं. आणि त्यांच्या घरात ते ज्या झाडावरून आलं होतं, त्या झाडापाशी ते आज बरोब्बर जाऊन पोचलं होतं.

1991 साली आम्ही नगरच्या सावेडीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. माहेरी वाड्यात अंगण होतं, इथे चार बाय नऊची गॅलरी. हौसेनं मी तुळस, शेवंती, कढीपत्ता, मोगरा आणला आणि इमारतीखालची उरलेली माती भरून रंगाच्या प्लास्टिक बादल्यांत, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांत लावला. दोन महिन्यांत सगळं गेलं. तुळस तेवढी मरत नव्हती. उजेडाकडे मान लांब करून बगळ्यासारखी उभी होती.

आबा एका सरकारी बंगल्यावर माळी होते, राहायला भिंगारला. निवृत्तीनंतर सायकलवर रोपं घालून दारोदार फिरायचे. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, आषाढात पंढरीची वारी. आमच्या गॅलरीत उभं राहून त्यांनी पहिल्यांदा बादली उपडी करून बुड पाहिलं. मग डब्याचं पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाई, भोकच न्हाई की. बुडवून मारली तुमी."

मग माती हातात घेऊन चुरली. त्यात चुना, विटांचा चुरा, सिमेंटचे खडे. "ही माती न्हवं, हा राडारोडा हाय." पुढे कधीतरी मी नेहरूंचं पुस्तक वाचत होते. 1942 ते 45 ते आमच्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत होते आणि भर उन्हात फुलांचे वाफे खणायचे, पण माती दगडधोंड्यांची, जुन्या बांधकामाच्या अवशेषांनी भरलेली. वाचून बरं वाटलं. नगरची माती पंडितजींनाही सुखानं बाग करू देत नव्हती.

आबांनी मला कुंडी शिकवली. हे वाक्य विचित्र वाटेल, पण कुंडी शिकावी लागते. तेलाचा डबा चैत्रात हात लावू देत नाही इतका तापतो आणि आतली मुळं शिजतात. प्लास्टिकची कुंडी पाणी धरून ठेवते, म्हणून पाण्याचा हात आवरणाऱ्यालाच ती मानवते. मी तेव्हा आवरणारी नव्हते. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडतं, माठासारखी आतली माती गार राहते. आमच्या पर्जन्यछायेच्या कोरड्या जिल्ह्यात तिला उन्हाळ्यात दोन वेळा पाणी लागतं खरं, पण मुळं जगतात. मात्र नवी कुंडी आधी रात्रभर पाण्यात बुडवायची, नाहीतर झाडाच्या वाटणीचं पाणी तीच पिते. बाहेरून पांढरी साय धरली तर घाबरायचं नाही, तो बोअरच्या पाण्याचा क्षार. नुसती काळी माती कुंडीत कधीच भरायची नाही. ती वाळली की आकसते, कडेनं फट पडते आणि वरून घातलेलं पाणी भिंतीलगत सरळ खाली निघून जातं. आपण म्हणतो पाणी घातलं, मुळं म्हणतात कुठाय.

मापाचा मुद्दा त्यांनी एका वाक्यात संपवला. "कुंडी पोराच्या चड्डीवानी घ्यावी. वाढत्या अंगाची, पर लई ढगळ न्हाई." मला वाटायचं, छोट्या रोपाला मोठी कुंडी म्हणजे ऐसपैस घर. पण जिथवर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते, आंबते, आणि मुळं कुजतात. म्हणून एकेक माप चढवत न्यायचं. रोप काढल्यावर मुळं गोल-गोल वेटोळी घालून बसलेली दिसली की समजायचं, उशीर झाला. भाच्याच्या कापडी कुंडीत हा प्रश्न येत नाही. मुळाचं टोक कापडाशी आलं की हवेनं वाळून थांबतं आणि मागून नवी मुळं फुटतात. वर शेंडा खुडल्यावर जे होतं तेच खाली आपोआप होतं. आबांनी ते पाहिलं असतं तर खूश झाले असते. त्यांनीही काही झाडं गोणपाटात लावलेली मला आठवतात, पण ती कुंडीला पैसे नव्हते म्हणून.

शेंडा खुडायला मात्र माझा हात धजत नव्हता. इतक्या कष्टानं वाढलेलं, आणि तेच तोडायचं? आबांनी माझी बगळी तुळस दोन बोटांच्या नखात धरली आणि कट् केलं. मी "अहो!" म्हणून ओरडले. "आवं, शेंडा असस्तवर त्यो खालच्यास्नी उठू देत न्हाई. घरात थोरला भाऊ असतो तसा." शास्त्राच्या पुस्तकात याला शेंड्याचं वर्चस्व म्हणतात. शेंड्यातून ऑक्सिन नावाचं द्रव्य खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना निजवून ठेवतं. मी चौथीला विज्ञान शिकवत होते, पण हे मला थोरल्या भावावरून कळलं. पंधरा दिवसांत तुळशीला सहा फांद्या आल्या. मंजिऱ्या दिसल्या की खुडायच्या, म्हणजे ती बी धरून म्हातारी होत नाही, हेही त्यांचंच. आणि दर रविवारी कुंडी पाव फेरा फिरवायची, उजेड सगळ्या अंगाला मिळतो.

शेवंतीची कथा वेगळी. आबा अकोळनेरच्या मळ्यांतून फुटवे आणायचे. लावल्यावर महिन्यानं एकदा खुडायचं, मग श्रावणात पुन्हा, आणि पोळ्यानंतर शेंड्याला हात लावायचा नाही. मी सगळं केलं. झुडूप असं डेरेदार झालं की शेजारणी बघायला यायच्या. दिवाळी आली, गेली. एक कळी नाही. आबांनी संध्याकाळी येऊन पाहिलं. गॅलरीसमोर नगरपालिकेचा नवा दिवा रात्रभर जळत होता. "हिला रात्रच व्हईना, फूल कशी देईल?" दुसऱ्या वर्षी गोकुळाष्टमीपासून रोज दिवे लागायच्या वेळी मी तिच्यावर गोणपाट टाकत होते, सकाळी काढत होते. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना हार विकत आणला नाही.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"आज्यानं. त्यांच्या पिकालाबी रात लांबली का मगच तुरा यायचा."

"कुठलं पीक?"

"गांजा."

आबांचा आजा इंग्रजी अमदानीत परवान्याच्या गांजाच्या वावरात मजूर होता. आषाढात पेरायचा, कार्तिकानंतर काढायचा. तुरा धरायच्या वेळेला ओळीओळीनं फिरून नराची झाडं ओळखायची आणि उपटायची, नाहीतर मादीत बी भरतं आणि मालाला भाव येत नाही. ही नजर ज्याला होती त्याला मजुरी जास्त. आबा म्हणायचे, आमच्या घरात कात्री आणि नजर त्या झाडानं आणली. पपईची पहिली कळी दिसली की नर-मादी ते लांबूनच सांगत, ते मी पाहिलं होतं. पण गांजाचं ऐकून मी गप्प झाले. मला ते बरं वाटलं नाही.

आणि मग तो रविवार. शाळेतली सात-आठ मुलं रोपं न्यायला घरी आली होती. आबा रंगात येऊन सांगत होते, सरकारचा शिक्का असलेला गांजा आपल्या नगर जिल्ह्यात कसा पिकायचा, सायेब लोक येऊन कसे मोजायचे. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, पोरांपुढं असलं काही बोलू नका. काहीतरीच सांगता तुम्ही." आवाज वर्गातला होता. फळ्यासमोरून कुणाला खाली बसवताना निघतो तो.

"बरं बाई," म्हणाले. त्यानंतर आज्याचं नाव त्यांनी माझ्या घरात काढलं नाही. येत राहिले, कुंड्या भरत राहिले. कुंडीचे पैसे घेत, मजुरी कधीच घेतली नाही. "तुमी पोरं शिकीवता," एवढंच. 2003 च्या उन्हाळ्यात गेले. मला आठवड्यानं कळलं.

निवृत्तीनंतर एका शाळेच्या स्मरणिकेसाठी जिल्ह्याची जुनी माहिती शोधत होते, तेव्हा 1893 साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाचा अहवाल हाती लागला. विलायतेच्या पार्लमेंटात ओरड झाली म्हणून सरकारनं आयोग नेमला. त्यानं देशभर हजारावर साक्षी घेतल्या आणि 1894 मध्ये सांगितलं की सरसकट बंदी नको, परवाने आणि कर ठेवा. त्यात मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीत आमच्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव होतं. नराची झाडं उपटण्याचं होतं. बंगालात खालच्या फांद्या छाटत असत, तेही होतं. आबांच्या आज्याचं अख्खं काम तिथं इंग्रजीत छापलेलं होतं आणि मी त्याला काहीतरीच म्हणाले होते.

नंतर असंही वाचलं की दिवस लहान झाल्यानं झाडं फुलावर येतात, ही गोष्ट पॅरिसमध्ये झुलियँ तुर्न्वा या संशोधकानं 1912 साली दाखवली, तीही हॉप आणि भांगेच्या झाडांवर. बिचारा पुढे महायुद्धात मारला गेला. भाचा तळघरात टायमर लावून बारा तासांची रात्र करतो, मी गोणपाटानं करत होते. हे आबांना सांगायला मी कुणाकडे जाऊ? भिंगारला त्यांच्या मुलाकडे गेले होते एकदा. तो दुकानात कामाला आहे, झाडांशी संबंध नाही. त्यानं चहा दिला. मी माफीचं काही बोलले नाही, तो कशाबद्दल ते विचारत बसला असता. आबांच्या कात्रीबद्दल विचारलं. सापडली नाही.

एक गोष्ट राहिली. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवतात, पाणी जावं आणि माती राहावी म्हणून. आबा खापरी ठेवत नसत. भिंगारच्या एका कुंभाराकडे तंबाखूच्या चिलमींचा ढीग पडून होता, कुणी घेत नाही म्हणून. त्यातल्या भाजताना तडकलेल्या चिलमी आबा टोपलीभर उचलून आणत. रुंद तोंड भोकावर पालथं, अरुंद टोक वर, त्यावर एक खडा. पाणी हळूहळू उतरतं, माती हलत नाही. माळकरी माणूस, तंबाखूलाही शिवला नाही कधी, पण त्यानं लावलेल्या प्रत्येक कुंडीच्या बुडाशी चिलीम.

यंदा तुळशीच्या लग्नाआधी मोठी कुंडी बदलायला घेतली. कामाला येणारी पोर मदतीला होती. आम्ही दोघींनी कुंडी आडवी केली, थोपटली, मातीचा गड्डा सरकून बाहेर आला आणि त्याच्या बुडाशी मुळांनी गच्च आवळलेली ती चिलीम. पोर दोन पावलं मागे सरली.

"बाई! हे काय? तुमच्यात कोण ओढतं?"

मी मुळं सोडवली, चिलीम नळाखाली धुतली आणि नव्या कुंडीच्या भोकावर पालथी ठेवली.

"कुणी नाही गं," म्हटलं. "तुळसच ओढते. तो खडा दे बघू इकडे."