पाट्याखालची रात्र

बँकेत नोकरी करणाऱ्याला शनिवार-रविवार सलग मिळतात ते महिन्यातून दोनदाच. २०१५च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला आणि माझ्या बाइंडिंगला खऱ्या अर्थाने वेळ मिळायला लागला. पुस्तक एका दिवसात बांधून होत नाही. हात चालतात ते थोडेच तास, बाकीचा सगळा वेळ वाळण्याचा. खळ वाळते, पाठ वाळते, कापड चढवलेला पुठ्ठा वाळतो आणि शेवटी अख्खं पुस्तक रात्रभर वजनाखाली पडून राहतं. त्या रात्रीसाठी दुसऱ्या दिवशीची सुट्टी लागते, नाहीतर सकाळी घाईघाईत उघडून बघण्याचा मोह होतो आणि अर्धवट ओला पुठ्ठा वाकतो तो कायमचा.

परवाच्या दुसऱ्या शनिवारी माझ्या टेबलावर ‘रुचिरा’ होतं. माझ्या मित्राच्या आईचं. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. सांगलीच्या घराघरांतून स्वयंपाकाच्या या पुस्तकाला एक वेगळाच मान आहे, कारण ते लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले इथल्याच. माहेर कुंडलचं, लग्नानंतर सांगली. पहिली आवृत्ती १९७० सालची. त्यांनी प्रमाणं वाटी-चमच्यात दिली, म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला वजनकाट्याची गरज उरली नाही. मावशींनी आपली प्रत लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी घेतलेली. घर गावभागात, नदीपासून जवळ. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या फडताळाचे खालचे तीन कप्पे बुडाले. पुस्तक तिसऱ्यात होतं.

पाणी ओसरल्यावर त्यांनी ते गच्चीवर उन्हात ठेवलं. बहुतेक सगळे तसंच करतात आणि त्यात कुणाची चूकही नसते, घरभर चिखल असताना एवढं सुचतं हेच खूप. पण भिजलेलं पुस्तक उन्हात वाळलं की पानं पापडासारखी वळतात आणि कडक होतात. ते सावलीत, पंख्याखाली, मधेमधे कोरे कागद घालून आणि ते कागद दर दोन-तीन तासांनी बदलत वाळवावं लागतं. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं असतील तर त्याहून वाईट, ती एकमेकांना चिकटून वाळली की वीट होते, मग कुणीच ती सोडवू शकत नाही. ‘रुचिरा’चा कागद साधा, म्हणून वाचलं. पाठ मात्र गेली होती, जुज सुटे झाले होते आणि वर्षानुवर्षं ते पुस्तक रबर बँड लावून वापरात होतं.

जुज हा आमचा शब्द. मूळ अरबी, अर्थ भाग, तुकडा. आपण ‘जुजबी माहिती’ म्हणतो त्यातलाही हाच. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, तो एक जुज. असे २५-३० जुज घडीतून शिवून एकमेकांना बांधायचे, ती जुजबंदी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाइंडरकाका बसायचे, शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जुज लावून द्यायचो आणि त्या बदल्यात त्यांनी मला टाका शिकवला. त्यांच्या दुकानात हे शब्द सतत कानावर पडायचे. घरी आजोबांच्या पोथीला मात्र बांधणीच नव्हती. आडवी सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी आणि भोवती रुमाल. वाचून झालेलं पान उचलून पलीकडे ठेवायचं. पोथी कधी उसवत नाही. बांधलेलं पुस्तक आलं आणि त्याच्याबरोबर उसवणंही आलं.

त्याआधीच्या सुट्टीत मी पुस्तक उसवून ठेवलं होतं. पाठीवरचा जुना सरस काढायचा म्हणजे त्यावर खळीचा जाड थर देऊन अर्धा तास थांबायचं, सरस फुगून मऊ होतो आणि बांबूच्या पट्टीने अलगद निघतो. पाठीला नंतर कुणी फेव्हिकॉल लावला असता तर हे जमलं नसतं. तो पाण्याने सुटत नाही, ओढावा लागतो आणि ओढताना घडी फाटते. म्हणून लोकांना माझं एकच सांगणं असतं, पुस्तक सुटलं तर सुटं राहू द्या, दोऱ्याने बांधून ठेवा, पण फेव्हिकॉल आणि सेलोटेप लावू नका. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि टेप गळून पडली तरी डाग उरतो.

शनिवारी सकाळी साडेनऊला मित्र मावशींना घेऊन आला. काम पाहायचं आहे म्हणाल्या. बायकोने त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली आणि समोर भडंगाची वाटी ठेवली. लेक पुण्याहून रात्रीच्या गाडीने आली होती, ती अजून अर्धवट झोपेत चहाचा कप घेऊन टेबलाशी येऊन बसली. खळ तिनेच केली. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत. गार झाल्यावर गाळणीतून गाळायची. बाइंडरकाका त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, झुरळं लागू नयेत म्हणून. मी टाकत नाही. मोरचूद विषारी, आणि त्यातलं तांबं कागदाला आतून लवकर जीर्ण करतं. त्याऐवजी लागेल तेवढीच खळ करायची आणि उरली तर टाकून द्यायची.

सकाळचं काम घड्यांचं. जुजाच्या घडीवर जिथे कागद झिजून फाटलेला असतो तिथे जपानी टिश्यूची बोटभर रुंदीची पट्टी पातळ खळीने बसवायची. हा कागद हातात घेतला तर आहे की नाही कळत नाही इतका हलका, पण त्याचे तंतू लांब, म्हणून ताण सोसतो. तो कात्रीने कापायचा नाही. पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते आणि ती झालर जुन्या कागदात मिसळून जाते. पट्टी बसली की वर कोरा कागद, वर फळी. पुन्हा पुढची. दोन तासांत आम्ही दोघांनी मिळून सहा जुज केले. लेकीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, तिची पट्टी शोधावी लागते.

चकलीच्या भाजणीचं पान तिच्या हाताखाली आलं. पानाच्या समासात मावशींच्या अक्षरात दोन टिपा होत्या. एक शिसपेन्सिलीने, अगदी स्पष्ट: ‘धणे वाढवले, चांगली झाली’. दुसरी फाउंटन पेनने लिहिलेली, तिचा फक्त निळसर ढग उरलेला. पुराच्या पाण्याने शाई धुऊन नेली होती, शिसं जसंच्या तसं. असं नेहमीच होतं. शिसपेन्सिलीचं लिखाण पाण्यात टिकतं, बॉलपेनचंही बऱ्यापैकी टिकतं, दौतीची शाई विरघळते. लेकीने पान मावशींकडे नेलं.

“इथं काय लिहिलं होतं?”

मावशींनी पान उजेडाकडे धरलं. डोळे बारीक केले. मग म्हणाल्या, “मोहनाचं असणार. तेल कडकडीत असू दे, असं सासूबाई म्हणायच्या. पण मी लिहिलं होतं ते वेगळंच होतं बघ. आठवेल.”

पुढे दुपारभर त्या दर अर्ध्या तासाने एक शक्यता सांगत होत्या.

हे समास हाच माझा आणि धंद्यातल्या बांधणीचा मोठा मतभेद. माझ्या आईने तरुणपणी जमवलेले ‘स्त्री’चे अंक होते. किर्लोस्करवाडीहून १९२०पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघायचं, १९३०मध्ये ‘स्त्री’ सुरू झालं, त्यातले तिच्या काळातले अंक. ते मी नोकरीला लागल्यावर हौसेने एका दुकानात बांधायला दिले. परत आले ते तिन्ही बाजूंनी कटिंग मारून आणि पाठीजवळून आरपार टोचून. आईने ओळींखाली घातलेल्या खुणा आणि समासातली तारखांची टिपणं मशिनखाली गेली. आरपार टोचल्यामुळे पान अर्धंच उघडतं, ओळींचे शेवटचे शब्द खाचेत अडकतात. ते जाडजूड, लालकापडी खंड आजही माझ्या कपाटात आहेत आणि कुणीही ते वाचत नाही. त्यानंतर मी पुन्हा टोचा हातात घेतला. दिसायला घट्ट आणि चकचकीत असलेलं पुस्तक आणि वाचायला उघडणारं पुस्तक, यांत निवड करायची वेळ आली की मी उघडणाऱ्याच्या बाजूने आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकाला तर हे दुप्पट लागू. हात पिठाने भरलेले असताना पान दाबून कोण धरणार?

जेवणं झाली. मित्र आणि बाबा कॅरमला बसले, सोंगटीचा आवाज आतपर्यंत येत होता. मी शिवायला घेतलं. मेण लावलेला सुती दोरा, तीन सुती पट्ट्या पाठीला उभ्या ताणलेल्या. सुई बाहेरून घडीच्या भोकात शिरते, आतून पुढे जाते, पट्टीपाशी बाहेर येते, पट्टीला वळसा घालून पुन्हा आत. टोकाला पोचलं की खालच्या जुजाच्या टाक्यात सुई घालून गाठ घ्यायची आणि वरचा जुज ठेवून उलट दिशेने परत. दोरा ओढायचा तो नेहमी शिवण जाते त्या दिशेने, पाठीशी समांतर. सरळ आपल्याकडे ओढला की घडी फाटते आणि सकाळची सगळी पट्टी वाया जाते. किती ओढायचा हे सांगून समजत नाही. जुज एकमेकांवर बसल्याचं बोटाला कळतं, तिथे थांबायचं. पंचविसावा जुज शिवून झाला तेव्हा कॅरमचे तीन डाव झाले होते आणि चहा दुसऱ्यांदा आला होता.

पाठीवर खळ, त्यावर विरळ विणीचं कापड, मग थांबणं. या थांबण्यात घरातली निम्मी कामं होतात. बायकोने गुलाबाची कुंडी बदलली, मी माती धरायला गेलो. बाबांना डोळ्यांत थेंब घातले. लेकीने तिच्या ऑफिसातली एक अडचण मला सांगितली, जी तिने फोनवर दोन आठवडे सांगितली नव्हती. मी काही सल्ला दिला नाही, तिने मागितलाही नाही. हात रिकामे पण लक्ष पाठीच्या वाळण्याकडे, अशा वेळी माणूस ऐकतो चांगलं.

कव्हरसाठी मावशींनी स्वतःच एक खण आणला होता, गुळेदगुड्डचा, गर्द हिरवा, न शिवलेला. खण थेट पुठ्ठ्यावर चिकटवला तर खळ विणीतून वर येते आणि कापडावर पांढरे डाग पडतात. म्हणून आधी त्याला मागून पातळ कागद लावून वाळवून घ्यायचा. कागद लावताना त्याच्या तंतूंची दिशा पाठीला समांतर हवी. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघितला की कळतं, तो सहज वाकतो तेव्हा घडी जिकडे पडते, ती तंतूंची दिशा. पुठ्ठा, कापडामागचा कागद, आतलं अस्तर, तिन्हींची दिशा एकच असावी लागते. एकाचीही चुकली तर ओला कागद वाळताना आडवा ओढतो आणि पुस्तक होडीसारखं वाकतं.

संध्याकाळी सातला पुस्तक कव्हरात बसवलं. अस्तराला खळ लावली, पुठ्ठा मिटला, खाचेवरून बांबूची पट्टी फिरवली, ओल पानांत उतरू नये म्हणून मधे प्लॅस्टिकचा कागद घातला आणि दोन फळ्यांमध्ये ठेवून वर आजीचा पाटा चढवला. वरवंटा हरवला, पाटा राहिला. मिक्सर आल्यापासून त्याच्यावर काही वाटलेलं नाही, पण मला याच्याहून चांगलं वजन मिळालेलं नाही. पाटा उचलून ठेवायला मित्र लागतो. आम्ही दोघांनी तो धरला, मावशी म्हणाल्या, “हळू.” त्या रात्री मावशी आमच्याकडेच राहिल्या. ज्वारीची भाकरी आणि पिठलं झालं. झोपायच्या आधी त्या एकदा टेबलापाशी जाऊन पाट्यावर हात ठेवून आल्या.

रविवारी सकाळी कुणी घाई केली नाही. बाबांचं वर्तमानपत्र झालं, पोहे झाले, अंघोळी झाल्या. साडेदहाला पाटा उतरवला. पुठ्ठा सपाट होता, कुठे फुगा नाही. नवं पुस्तक एकदम मधे उघडायचं नसतं. ते टेबलावर पाठीवर उभं धरून पुढची थोडी पानं, मागची थोडी पानं, असं दोन्हीकडून आळीपाळीने दाबत मध्यावर यायचं, म्हणजे पाठ सगळीकडून सारखी सैल होते. लेकीने ते केलं. मग तिने पुस्तक मावशींच्या हातात दिलं.

मावशी ते घेऊन सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या. दिवाळी दहा दिवसांवर होती आणि बायकोने भाजणीसाठी तांदूळ आदल्या दिवशी धुऊन वाळत घातले होते. त्यांनी पुस्तक ओट्यावर ठेवलं, भाजणीचं पान काढलं आणि हात काढून घेतला. पान तसंच राहिलं. त्यांनी कढई चढवली, तांदूळ टाकले, उलथनं हातात घेतलं आणि मागे न वळता लेकीला हाक मारली, “अगं, पेन्सिल आण. शाईचं काय होतं ते आठवलं. डाळी वेगळ्या भाज, एकत्र नको, असं होतं.”