विस्तवाचा परवाना

ज्याच्या घरीं अग्नि नाहीं तो गृहस्थ कसला, अशी आपल्या पूर्वजांची धारणा होती. ऋग्वेदाचा आरंभच अग्नीच्या नांवानें होतो. विवाहांत ज्याला साक्षी ठेवावयाचें, तोच अग्नि पुढें घरांत राखावयाचा, असा गृह्यसूत्रांचा विधि आहे. परंतु त्याच पूर्वजांनीं अग्नि हवा तेथें, हवा तसा मांडण्याची मुभा मात्र कोणालाहि दिली नाहीं. गार्हपत्य वर्तुळाकार, आहवनीय चौकोनी, दक्षिणाग्नि अर्धवर्तुळाकार, आणि तिहींचें क्षेत्रफळ सारखें, असा दंडक. तो पाळण्यासाठींच शुल्बसूत्रांनीं दोरीची भूमिति सांगितली. मापल्यावांचून विस्तव मांडावयाचा नाहीं, ही शिस्त अशी फार जुनी आहे. विलायतेंत चिरंजीवांच्या घरीं आगटी बसविण्याचा परवाना काढण्याचा प्रसंग आला, तेव्हां या शिस्तीचें नवें रूप जवळून पाहावयास मिळालें. तो वृत्तांत वाचकांस सादर करीत आहें.

चिरंजीव नोकरीनिमित्त बरींच वर्षें उत्तर इंग्लंडांत राहतात. घर जुनें, विटांचें, आणि शेजारच्या घराशीं एका सामाईक भिंतीनें जोडलेलें. आपल्याकडे वाड्याच्या वांटण्या झाल्यावर दोघां भावांत एकच भिंत राहते, त्यांतला प्रकार. या भिंतीच्या पोटांतून दोन्ही घरांचीं धुराडीं अंगाला अंग लावून वर जातात. मधें विटांचा एक पातळ पडदा तेवढा. पूर्वीं तेथें दगडी कोळसा जळत असे. पुढें गॅसवर तापविलेल्या पाण्याच्या नळ्या खोल्याखोल्यांतून फिरल्या आणि आगटी विटा लावून बुजविली गेली. २०२२ सालीं गॅसचे दर भडकले, तेव्हां पुष्कळ घरांना बुजलेल्या आगट्यांची आठवण झाली. आमच्या सौ.चे गुडघे त्या हिवाळ्यांत इतके धरले कीं, जिना चढणें कठीण होऊन बसलें. “आई एवढ्या दूर येते, तिला एका खोलींत तरी मनाजोगी ऊब मिळूं दे,” असें म्हणून चिरंजीवांनीं लांकडाची शेगडी बसविण्याचें ठरविलें.

चौकशीस आलेल्या एका गवंड्यानें लगेच तोड सुचविली. आगटी तुमची, धुराडें तुमचें. परवान्याच्या फंदांत पडूं नका, निम्म्या पैशांत दोन दिवसांत काम करून देतों. चिरंजीवांचें मन डळमळलें. सूनबाईला ती गोष्ट रुचेना. “मामंजी, तुम्हींच सांगा यांना,” असें म्हणून तिनें प्रकरण माझ्याकडे सोंपविलें. चिरंजीव म्हणाले, “आप्पा, धूर तर वरच जाणार ना?” मीं म्हटलें, “अरे, गेलेला धूर वरच राहता तर कायद्याचें काय काम होतें? आधीं नियम वाच, मग मोडावयाचा कीं पाळावयाचा तें ठरव.”

मग आम्हीं दोघांनीं बसून नियम वाचले. इंग्लंडांत घरामध्यें लांकूड वा कोळसा जाळण्याचें साधन नव्यानें बसविणें हें बांधकाम-नियमांखालीं कळविण्याजोगें काम आहे. त्याला मार्ग दोन. एक, काम सुरू करण्यापूर्वीं स्थानिक नगरसंस्थेच्या बांधकाम खात्यास सूचना द्यावयाची, शुल्क भरावयाचें, आणि तपासनिसानें पाहून गेल्यावर पूर्ततेचा दाखला घ्यावयाचा. दुसरा, अधिकृत यादींत नांव असलेल्या कारागिराकडून काम करून घ्यावयाचें. तो आपल्या जबाबदारीवर दाखला देतो व खात्यास परस्पर कळवितो. पुढें घर विकतेवेळीं ग्राहकाचा वकील हा कागद मागतो.

नियमांतील बारकावे वाचून मला तर कौतुक वाटलें. सुट्या शेगडीखालीं न जळणारा पाट निदान ८४० मिलिमीटर लांब व तितकाच रुंद हवा. शेगडीची शक्ति ५ किलोवॅटपेक्षां अधिक असेल, तर जुन्या घरांतहि खोलीला कायमचा उघडा झरोका हवा; कारण विस्तवालाहि श्वास लागतो, आणि तो न मिळाला तर तो माणसांच्या वांट्याचा घेतो. कार्बन मोनॉक्साइड वायूची सूचना देणारी घंटा २०१० पासून सक्तीची आहे. ती छताला लावावयाची तर भिंतींपासून निदान ३०० मिलिमीटर आणि शेगडीपासून १ ते ३ मीटर अंतरावर. आणि धुराड्याची सर्व माहिती कोरलेली पाटी घरांत कायमची लावावयाची, म्हणजे पुढच्या मालकास अंधारांत चांचपावें लागणार नाहीं.

शिवाय आमचा भाग धूर-नियंत्रण क्षेत्रांत पडतो. तेथें उघड्या आगटींत लांकूड जाळण्यास मनाई आहे. त्यासाठीं सरकारनें मान्य केलेली बंद दाराची शेगडीच हवी. धुराड्यांतून धूर निघतांना आढळला, तर १७५ ते ३०० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. थोड्या मापानें विकल्या जाणाऱ्या सरपणांत २० टक्क्यांहून अधिक ओल असूं नये, असाहि नियम २०२१ सालीं आला. ओलें लांकूड आधीं आपलें पाणी आटवितें. त्यांत उष्णता खर्ची पडते आणि धूर मात्र वाढतो, हें चुलीपुढें बसलेल्या आपल्या कोणत्याहि आजीला ठाऊक होतें.

ही सावधगिरी त्या देशानें सुखासुखीं शिकलेली नाहीं. २ सप्टेंबर १६६६ रोजीं लंडनमधील एका भटारखान्यांतून निघालेल्या आगींत सुमारें १३,००० घरें जळालीं, आणि पुढच्याच वर्षीं घरें विटांचीं वा दगडाचींच बांधावीं असा कायदा झाला. त्याच शतकांत, १६६२ पासून १६८९ पर्यंत, दर आगटीमागें वर्षाला दोन शिलिंग कर होता. तो वसूल करणारे घरांत शिरून आगट्या मोजीत, म्हणून लोक त्यांचा मनस्वी तिटकारा करीत. पुढें डिसेंबर १९५२ मध्यें ५ ते ९ तारखांस लंडनवर धूर व धुकें यांचें असें दाट पटल बसलें कीं, त्यावेळच्या अंदाजानें सुमारें ४,००० माणसें दगावलीं. नंतरच्या अभ्यासकांनीं हा आंकडा १२,००० पर्यंत नेला. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. पूर्वींचा तपासनीस राजाच्या खजिन्यासाठीं आगट्या मोजावयास येई, आतांचा माणसांच्या श्वासासाठीं येतो. दोघेहि घरांत शिरतात, पण दोहोंत केवढें अंतर!

धुराची किंमत मला नवी नव्हती. आमची मातोश्री पहांटे चुलीशीं बसे ती दुपारीं उठे. पन्नाशींतच तिचे डोळे सदा लाल, आणि खोकला तर तिच्या पावलांआधीं ऐकूं येई. त्या खोकल्याला आम्ही ‘वयाचा’ म्हणत असूं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतल्या धुरामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं. म्हणजे जिला आम्ही वय म्हणत होतों, ती घराघरांतली चूल होती.

अखेरीस नोंदणी झालेला कारागीर बोलाविला. त्यानें बुजलेली आगटी उघडली, धुराडें झाडून घेतलें, आणि मग धुराची परीक्षा मांडली. प्रथम धुराडें आंतून गरम केलें, तळाशीं दाट धूर सोडणाऱ्या गोळ्या पेटविल्या, खालचें तोंड बंद केलें आणि वर धूर दिसूं लागतांच तेंहि तोंड मिटलें. मग तो दोन्ही घरांतून भिंती पाहत फिरला. शेजारीं ऐंशीच्या घरांतल्या एक बाई एकट्याच राहतात. त्यांच्या निजण्याच्या खोलींत, अगदीं पलंगाच्या उशालगत, भिंतीच्या सांध्यांतून धुराची बारीक रेघ निघत होती. विटांमधला चुना वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें झडून गेला होता.

आम्ही सारे स्तब्ध उभे राहिलों. परीक्षेचा धूर निदान दिसला तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं; निजलेल्या माणसाला तो जागें करीत नाहीं. ऊब आमच्या सौ.च्या गुडघ्यांना मिळाली असती आणि तिचें मोल त्या बाईंनीं झोंपेंत चुकविलें असतें. चिरंजीव बराच वेळ बोलले नाहींत. मग त्या बाईंपाशीं जाऊन त्यांनीं सगळें समजावून सांगितलें, आणि एक घंटा आपल्या खर्चानें त्यांच्या खोलींतहि बसवून दिली.

पुढें धुराड्यांतून वरपासून खालपर्यंत पोलादाची १२५ मिलिमीटर व्यासाची लवचीक नळी उतरविली गेली. काम लांबलें, खर्चहि वाढला. पण दाखला हातीं आला, आणि ज्या संध्याकाळीं शेगडी प्रथम पेटली त्या संध्याकाळीं शेजारच्या बाई आमच्याकडेच बसावयास आल्या होत्या. सौ.नें त्यांना आलें घातलेला चहा दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाहीं. परंतु गुडघ्यांचें दुखणें भाषेवांचून कळतें, असें दिसलें.

हें वाचून कोणी म्हणेल, आपल्याकडे कोठें आगट्या आहेत? खरें आहे, परंतु गॅसवर पाणी तापविण्याचीं यंत्रें पुष्कळांच्या न्हाणीघरांत आहेत. थंडीच्या दिवसांत दार-खिडकी घट्ट लावून स्नान करावयाचें आणि आंत तो विस्तव जळत ठेवावयाचा, यांत कितीतरी तरुण जीव गेले आहेत. आपल्या घरीं असें यंत्र असेल, तर त्याची जळती हवा नळीनें बाहेर जाते कीं नाहीं आणि न्हाणीघराचा झरोका उघडा आहे कीं फळी ठोकून बंद केला आहे, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं आजच उठून पाहावें. त्यासाठीं कोणाच्याहि परवान्याची वाट पाहावी लागत नाहीं.